रस्सा गाळल्यावर

शिऱ्याचा वास ओढ्याच्या अलीकडेच नाकात शिरला आणि मला कळून चुकलं, आपली नोकरी गेली.

जीपमध्ये पुढच्या सीटवर डॉक्टर वर्टीकर बसले होते, आमच्या आहार पाहणीचे प्रमुख. मागे मी. मांडीवर वजनकाटा, पायाशी चाळणी आणि तक्त्यांची पिशवी. साहेबांनी वास घेतला आणि मागे न वळता म्हणाले, "कुणाकडे कार्य दिसतंय आज."

"कार्य नाही साहेब. आपण येणार ते वस्तीवर कळलंय."

"कुणी कळवलं?"

"मी तरी नाही."

खरंच मी नव्हतं कळवलं. पण पुण्याहून मोठे साहेब येणार आणि ग्रामसेवक आदल्या दिवशी सायकल हाणत निरोप पोचवणार नाही, असं आमच्या मुलखात घडत नाही. आणि निरोप पोचल्यावर चटणी-भाकरी पुढं करणारं घरही आमच्या मुलखात नाही. तिथंच सगळा घोळ होता.

गोष्ट नव्व्याण्णव सालची. मी मंदाकिनी गुरसाळे, सव्वीस वर्षांची. आटपाडीच्या बाजूला आमचं काम चाललं होतं. एकेका घरात तीन-तीन दिवस जायचं, शिजलेलं अन्न मोजायचं, घरातल्या मोठ्या माणसांच्या संख्येनं भागायचं आणि तक्ता भरायचा. मग माणसं खरोखर काय खातात आणि राष्ट्रीय आहार मार्गदर्शिका काय खायला सांगते, याचा मेळ बसतो का ते वरचे लोक बघणार. मार्गदर्शिका म्हणायची, मोठ्या माणसानं रोज तीनशे ग्रॅम भाजी खावी. माझ्याबरोबरच्या तिघांच्या तक्त्यांत माणशी दीडशे-एकशेसाठ ग्रॅम येत होती. माझ्या चाळीस घरांत चाळीस ग्रॅमच्या आसपास.

साहेबांनी मला ऑफिसात बोलावून विचारलं होतं, "बाई, हे तक्ते घरी बसून भरलेत का?"

मी मुळातच भांडकुदळ. त्यात हे. म्हटलं, "साहेब, कुठलंही घर निवडा. माझ्याबरोबर चला. तुमच्या डोळ्यांदेखत मोजते." त्यांनी डोळे मिटून गठ्ठ्यात बोट घातलं आणि तक्ता निघाला सरगरवस्तीवरच्या रामू सरगरांचा. आकडे जुळले तर महिनाअखेरीला मी कायम. नाही जुळले तर तक्ते रद्द आणि मीही रद्द.

ही नोकरी मी वडिलांशी वैर पत्करून धरली होती. पोरीच्या जातीनं काटा घेऊन वस्त्यांवर हिंडायचं नाही, असं ते म्हणाले होते, आणि मी ट्रंक उचलून निघाले होते. नोकरी गेली तर त्याच दारात, तीच ट्रंक घेऊन. त्यापेक्षा ओढ्यात उडी मारलेली बरी, असं मला वाटत होतं. ओढ्याला पाणी नव्हतं ती गोष्ट वेगळी.

सरगरांच्या अंगणात सडा पडला होता. सतरंजी अंथरली होती. रामूआबा सरगर, साठीचा माणूस, नवा फेटा बांधून उभे. शेजारी त्यांचा मुलगा तायाप्पा. तो गवंडीकाम करायचा, पण आज खाडा करून इस्त्रीच्या शर्टात.

"या साहेब. गरिबाच्या घरी पाय लागलं."

साहेब बसले, पाणी प्याले आणि सरळ मुद्द्यावर आले. "आबा, आज काय केलंय जेवायला?"

"काय न्हाय, साधंच. वांग्याचं कालवण, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या, आमटी-भात आन वाईच शिरा."

"रोज असंच असतं?"

आबांनी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. "व्हय की. आमच्यात खायाप्याची ददात न्हाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझी कानशिलं तापली. गेल्याच आठवड्यात तीन दिवस मी याच अंगणात बसले होते. तीन दिवसांत वांग्याचं कालवण दोनदा, डाळीचं एकदा, बाकी भाकरी आणि ठेचा. शिरा बघितला असेल तर शपथ.

मी तडक आत गेले. चुलीपुढे हौसाबाई, तायाप्पाची बायको. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बोलायला चुरचुरीत. तीन दिवसांत आमची चांगली गट्टी जमली होती. मला ती 'काटेवाल्या बाई' म्हणायची. आज नेसू ठेवणीतलं होतं आणि पुऱ्या तळून तोंड लाल झालं होतं.

"हौसा, काय चालवलंय हे?"

"का? तेल जास्ती झालं व्हय?"

"अगं, रोज असंच असतं म्हणून आबांनी सांगितलं साहेबांना. माझे तक्ते खोटे पडले ना."

तिनं झारा कढईच्या काठावर आपटला. "मग काय पावण्याला चटणी-भाकर वाढू? तुमचं साहेब पुण्याला जाऊन काय सांगतील, सरगराच्या घरात कालवणाला म्हाग हाय?"

"मग तू तरी सांग खरं."

"मामंजींच्या तोंडावर? तुमी बऱ्या हाईसा ना बाई?"

कोपऱ्यात कोथिंबीर निवडत बसलेल्या तिच्या सासूनं, कोंडाबाईनं, मान वर केली. "काय म्हंतीया ही?"

"काय न्हाय आत्याबाई. बाईंना भूक लागलीया."

घरोघरी झाकली मूठ असते हे मला काय ठाऊक नव्हतं? पण आज त्या मुठीत माझी नोकरी होती. मी चुलीजवळ उकिडवी बसले आणि त्या कालवणाच्या पातेल्याकडे बघत राहिले. वर लाल तवंग, खाली पातळ रस्सा आणि त्यात कुठं कुठं वांग्याची फोड. पाहुण्यांसाठी म्हणून भांडं मोठं घेतलं होतं. वांगी किती घेतली होती?

"हौसा, वांगी किती घातलीस?"

"पाच. ग्वाड लागावं म्हणून वाईच शेंगदाण्याचं कूट जास्ती."

"आणि बटाटे?"

"तीन. भाजीला रंग येण्यापुरतं."

मी उठले. पिशवीतनं चाळणी काढली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझ्याबरोबरचे तिघे वाटीनं मोजायचे. कालवणाची वाटी भरली की भाजी एक वाटी, की लिहा दीडशे ग्रॅम. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, आपण सगळे तसंच म्हणतो. 'आज भाजी काय?' 'वांग्याचा रस्सा.' पण मी आजोळी दहा माणसांत वाढलेली. भाकरी खरी, बाकी सगळं तोंडी लावणं, आणि माणसं वाढली की भाजी वाढत नाही, पाणी वाढतं, हे मला पुस्तकातनं शिकावं लागलं नव्हतं. म्हणून मी पहिल्या घरापासून रस्सा गाळून फोडी मोजत आले होते.

पानं मांडली. साहेब, आबा, तायाप्पा ओळीनं बसले. मी दारात काटा मांडला.

"साहेब, नियमाप्रमाणे आजचंही वजन घेते. वाटीत जाण्याआधी."

"घ्या," साहेब म्हणाले. आवाजात दया होती. ती मला फार झोंबली.

मी पहिली वाटी चाळणीत ओतली. रस्सा खालच्या भांड्यात गेला, फोडी वर राहिल्या. कोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया, पावण्याच्या कालवणाला चाळण लावतीया."

"चाळण स्वच्छ आहे मावशी, उकळून आणलीय."

फोडी मोजल्या, परत रस्स्यात सोडल्या, वाटी साहेबांपुढे. मग आबांची, मग तायाप्पाची. कोशिंबिरीचा चमचा मोजला, बटाट्याच्या फोडी मोजल्या. जेवण सुरू झालं. साहेबांना तिखट आवडत असावं. त्यांनी रस्सा मागून घेतला, एकदा, दोनदा, मी दर वेळी गाळून देत होते. कपाळाला घाम, नाक पुसतायत, पण पुरीमागून पुरी रस्स्यात बुडतेय. आबा खूश. "वाढ गं, वाढ."

हात धुवायला साहेब उठले तेव्हा मी त्यांच्या ताटाशी वाकले. ताटाच्या कडेला वांग्याच्या फोडी ओळीनं लावून ठेवलेल्या. मी त्या उचलून काट्यात टाकल्या.

"हे काय करताय बाई?"

"साहेब, तुमचा तक्ता भरतेय. तुम्हीही मोठं माणूस आहात ना, नियमात बसता. वाढलेली भाजी सगळी मिळून सत्त्याण्णव ग्रॅम. टाकलेली एकसष्ट. तुम्ही खाल्ली छत्तीस."

साहेब टॉवेल हातात धरून उभे राहिले. "शक्यच नाही. मी तीन वाट्या भाजी खाल्ली."

"तीन वाट्या रस्सा खाल्लात. वांगी तुम्ही बाजूला काढलीत."

तायाप्पा खाली मान घालून हसू दाबत होता. आबांना ते जमलं नाही. "साहेब, वांगं आवडत न्हाय व्हय तुमास्नी? सांगायचं न्हाय का, दोडका केला असता."

"आबांची अठ्ठेचाळीस, तायाप्पांची एक्कावन्न," मी म्हणाले. "आणि हे पाहुणचाराचं जेवण आहे साहेब. पाहुणचाराला पन्नास, तर रोजचं चाळीस खोटं कसं असेल? बाकीच्यांनी रस्सा भाजीत धरलाय. माझा आकडा कमी नाही, त्यांचा फुगलाय."

साहेब काट्याजवळ येऊन बसले. त्यांनी स्वतः एक वाटी रस्सा चाळणीत ओतला, फोडी मोजल्या, पुन्हा मोजल्या. माणूस हट्टी होता, पण अप्रामाणिक नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. मग त्यांनी चष्मा काढला.

"पंचवीस वर्षं झाली मला या क्षेत्रात," ते म्हणाले, "आणि मी लोकांना तीनशे ग्रॅम सांगत हिंडतो." आणि हसले. "माझी बायको हेच म्हणते. तुम्ही भाजी खात नाही, भाजीचं पाणी पिता."

सतरंजीवर बसून त्यांनी माझ्या चाळीसही तक्त्यांवर सह्या केल्या. ग्राह्य. ग्राह्य. ग्राह्य. शेवटच्या सहीनंतर म्हणाले, "मंदाकिनीबाई, एक तारखेपासून तुम्ही कायम. बाकीच्या तिघांना चाळणी घेऊन पुन्हा पाठवतो. मी जरा आबांची मेंढरं बघून येतो, मग निघू."

खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं. वडिलांना पत्र कसं लिहायचं, तेसुद्धा मी मनात जुळवायला लागले. त्या आनंदात मी आत गेले, हौसाला सांगायला.

आत सासू-सुना जेवायला बसल्या होत्या.

तीन दिवस या घरात काम केलं, पण मी बायकांच्या पंगतीला कधी थांबले नव्हते. भांडं मोजलं की पुढचं घर गाठायचं असायचं, दिवसाला दोन घरं. आज जीप थांबलेली म्हणून मी थांबले. कोंडाबाईच्या ताटलीत दोन पुऱ्या, शिऱ्याची खरवड, वांग्याची एक फोड. हौसाच्या परातीत सकाळची भाकरी, ठेचा आणि पातेल्यात पाणी घालून खंगाळलेला रस्सा.

हात सवयीनं काट्याकडे गेला. "तुझी वाटी दे, हौसा."

"माझी कसली वाटी?" ती हसली. "पातेलंच घ्या की."

मी पातेलं चाळणीत उपडं केलं. वांग्याचे दोन देठ निघाले.

"सहा ग्रॅम," मी म्हणाले.

"देठ ग्वाड लागतोय चोखायला," ती म्हणाली.

"आज पाहुणे जास्त म्हणून, ना?"

ती भाकरी मोडत होती. "आज तर आमटी बी हाय."

"मी इथं होते ते तीन दिवस? तेव्हा तू काय खाल्लंस?"

"ह्येच की."

"अगं, मी लिहिलंय, एकशेबावन्न ग्रॅम भाजी शिजली, चार माणसं, माणशी अडतीस. तुझ्या नावापुढे अडतीस आहेत."

"तेवढी शिजली हुती. तुमी भांडं मोजून जायचा न्हवं का."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

हौसानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नवलानं. "तुमी कुठं इचारलं? तुमी इचारायचा, घरात काय शिजलं. म्या सांगायची. तू काय खाल्लंस आसं तुमी एकदा बी इचारलं न्हाय."

मी पिशवीतनं त्यांच्या घराचा तक्ता काढला. हौसाबाई तायाप्पा सरगर, वय चोवीस, भाजी अडतीस ग्रॅम. माझं अक्षर. खाली साहेबांची सही, शाई नीट वाळलीही नव्हती. अर्ध्या तासापूर्वी याच कागदासाठी मी आकाशपाताळ एक केलं होतं. दुसऱ्यांचे आकडे फुगलेत म्हणून छाती ठोकून सांगितलं होतं. आणि या एका घरात नाही, चाळीस घरांत मी भागाकार करून बायकांच्या तोंडात भाजी घातली होती. त्यांनी न खाल्लेली. माझी मलाच इतकी शरम वाटली की डोळे भरून आले.

हौसाला वाटलं मी तिच्यासाठी रडतेय. ती जरा चिडली. "त्यात काय रडायचं बाई? आसू द्या ते अडतीस. कागदावर तरी खाल्लंय म्या."

मी तशीच उठले आणि बाहेर आले. साहेब जीपमध्ये बसत होते.

"चला बाई, उशीर होतोय."

"साहेब, माझे तक्ते चुकीचे आहेत."

त्यांना वाटलं चेष्टा. मी सगळं सांगितलं. भांडं, भागाकार, शेवटची पंगत. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"पद्धत वरून ठरलेली आहे," ते म्हणाले. "भागाकार करायचा असाच नियम आहे. यात तुमची चूक नाही."

"आकडा माझा आहे ना पण."

"महिनाअखेर मुदत संपते. चाळीस घरं पुन्हा मोजणार? प्रत्येक माणूस वेगळा? अहो, शेवटची बाई जेवेपर्यंत बसायचं म्हटलं तर दिवसाला एक घर होईल."

"होईल."

"मी सही केलीय."

"मग सही खोडा."

त्यांनी एकदा ड्रायव्हरकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "नीट ऐका. तुमचं काम चांगलं आहे, मला तुम्ही हव्या आहात. पण तक्ते मागे घेतले तर मी वर काय दाखवू? सह्या केलेले तक्ते घेऊन आता गाडीत बसलात तर एक तारखेला ऑर्डर निघेल. नाही बसलात तर मला काही करता येणार नाही."

मी जीपमध्ये डोकावून 'साहेब, या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा' म्हणू शकले असते. ओठांवर आलंही. पण हौसाच्या परातीपुढे त्यांना नेऊन उभं करणं माझ्यानं होईना. तिनं काय केलं होतं, की तिची अशी तपासणी व्हावी? मी पिशवी छातीशी धरली आणि म्हणाले, "मग निघा साहेब. अंधाराच्या आत पोचाल."

जीप ओढ्यात उतरून पलीकडे चढली तोवर मी बघत होते. मग मी अंगणातल्या दगडावर बसले. आबा जवळ आले. "बाई, तुमी ऱ्हायला का?"

"संध्याकाळचं जेवण मोजायचंय आबा. आजपासनं पुन्हा."

"आन साहेब?"

"ते गेले."

आबांनी फेटा काढला आणि खांद्यावर टाकला. हौसा मात्र भांडी घासता घासता तिथनंच कडाडली. कुणाच्या तरी तोंडून तिला सगळं कळलं होतं.

"येड लागलंय का तुमास्नी? नोकरी घालवली?"

"घालवली."

"कशापायी? अडतीस लिवलं काय आन सहा लिवलं काय, माझ्या ताटात त्यानं काय वाढून येणार हाय का?"

"नाही. येणार नाही."

"मग?"

"खोटं आहे ते. माझ्या हातानं लिहिलेलं आहे." मी म्हणाले. "तू जेवशील तेव्हा मी तुझ्यापुढे काटा घेऊन बसणार. आज, उद्या, परवा. तुझं नाव कुठं येणार नाही, नुसता आकडा."

"आन म्या नगं म्हणलं तर?"

"तर उद्या पुन्हा विचारीन."

ती पुटपुटत राखेनं पातेलं घासत राहिली. नोकरी गेली हे शब्द तोंडानं म्हणून झाल्यावर त्यांची भीती जरा कमी झाली.

दिवेलागणीला कालवण शिजलं. घेवड्याचं. मी चुलीजवळ काटा मांडून बसले. आबा आणि तायाप्पा बाहेर हातपाय धूत होते. हौसानं वाढायला पळी उचलली, माझ्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, आणि फडताळातनं एक जास्तीची वाटी काढून चुलीजवळ ठेवली. पहिली पळी तिनं त्या वाटीत घातली. तळातनं, घेवडा बघून बघून.

कोंडाबाईचं लक्ष होतंच. "कुणाची गं ती?"

"माझी."

"आधी बाप्यांस्नी वाढायचं का आधी सुनंला?"

हौसा शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, काटा बसलाय. आता ह्या बाई एकेकाचं मोजणार हाईत आन कागद पुण्याला जाणार हाय. सरगराच्या घरात म्हाताऱ्याला पन्नास, ल्योकाला पन्नास आन सून उपाशी. वाचतील की समदी. दुपारी येवढा शिरा केला कशापायी मग आपण?"

कोंडाबाईच्या डोक्यात काहीतरी फिरताना मला दिसत होतं. नाव लिहिणार नाही, हे मी दुपारीच सांगितलं होतं. आत्ता ते पुन्हा सांगायला हवं होतं. मी काट्यावरची धूळ पुसत बसले.

"मग चार शेंगा आणिक घे," म्हातारी शेवटी म्हणाली. "घराच्या आब्रूचं हाय." थोड्या वेळानं तिनं फडताळाकडे हात केला. "माझी बी वाटी काढ."

हौसानं वाटी माझ्यापुढे सरकवली. मी गाळून मोजली. ब्याऐंशी ग्रॅम.

हा आकडाही खरा नव्हता, हे मला कळत होतं. मी तिथं होते म्हणून तो ब्याऐंशी होता. सकाळी याच कारणासाठी मी याच घरावर चिडले होते. प्रशिक्षणात आम्हाला पहिला धडा दिलेला, मोजणाऱ्यामुळं ताट बदलता कामा नये. मी तक्त्यावर तारीख घातली, हौसाच्या रकान्यात ब्याऐंशी लिहिले आणि ती शेवटची शेंग खाईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले.

पुढं एक तारखेला माझ्या नावाची ऑर्डर निघाली नाही ते सांगायला नकोच. नवे तक्ते मी पोस्टानं पाठवले, जेवढी घरं झाली तेवढ्यांचे. त्यांचं पुढं काय झालं मला कुणी कळवलं नाही. चाळीस घरं काही माझ्याच्यानं पुरी झाली नाहीत, आणि त्याला कारणही मीच. नियम एका घरी तीन दिवस मोजायचा होता. सरगरांच्या घरी मी अकरा दिवस बसले.